वासुदेवरावांना लागू झालेला कायदा

वासुदेवराव लंज्यांनी आयुष्यात एकच गुपित पाळलं, आणि ते सरकारचं होतं. जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. सकाळी कारखान्याच्या बसनं आत जायचे, संध्याकाळी बाहेर यायचे, आणि आत नेमकं काय करता असं कुणी विचारलं की छाती थोडी पुढं काढून म्हणायचे, "देशाचं काम आहे. सांगता येत नाही." बायको उषाबाईंनासुद्धा त्यांनी कधी ताकास तूर लागू दिली नाही. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषण केलं तेव्हा त्या माउलीला पहिल्यांदा कळलं, की आपला नवरा इतकी वर्षं स्टोअरमध्ये बसून कामगारांना हातमोजे आणि साबणाच्या वड्या देत होता.

सरकारी साबणाच्या बाबतीत इतका घट्ट असलेला हा माणूस दुसऱ्याच्या घरच्या गोष्टींच्या बाबतीत मात्र चाळणी होता. वरून घाला, खालून लगेच बाहेर.

निवृत्तीनंतर ते लाखांदूरजवळच्या आपल्या गावी परतले. मुलगा मोनू नागपूरला नोकरीला, त्याचं लग्न झालेलं, पोर झालेलं. शेती धाकटा भाऊ धनीराम बघायचा. धानाच्या बांध्या, रोवणी, तलावाचं पाणी, सगळं त्याच्या अंगावर. वासुदेवरावांना चिखलात पाय घालायची सवय उरली नव्हती, म्हणून त्यांनी लोकांच्या घरात पाय घातला. ते समाजातल्या सोयरिकी जुळवू लागले. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, पाहुणे जमतात, रात्री मंडपात नाटक असतं. लोक नाटक बघायचे आणि वासुदेवराव लोकांना बघायचे. कोणाची पोरगी वयात आली, कोणाचा पोरगा पुण्याला लागला, कोणाची सगाई का मोडली, सारं काही पडदा पडायच्या आत त्यांच्या डोक्यात गेलेलं असायचं.

मोबाइल आल्यावर तर त्यांचं सोनं झालं. 'शुभमंगल' नावाचा त्यांचा एक ग्रुप होता, लाखांदूरपासून पार नाकाडोंगरीपर्यंतच्या सातशेच्या वर लोकांचा. दर सोमवारी ते सगळे बायोडाटे त्यावर नव्यानं टाकायचे, शिळे होऊ नयेत म्हणून. उंची, रंग, रक्तगट, मामाचं गाव, बापाची जमीन, वर फोटो. आणि खाली स्वतःच्या पदरची एक ओळ. 'मुलगी थोडी फटकळ, पण कामाची.' 'मुलाचे केस गेले, नोकरी आहे.' या कामाचा पैसा ते घेत नसत. टोपी, दुपट्टा, नारळ आणि पंगतीत पहिला पाट, एवढ्यावर खूश.

याच ग्रुपवर त्यांनी मंगेशला टाकलं. मंगेश हा जवाहरनगरच्या क्वार्टरमधल्या त्यांच्या जुन्या शेजाऱ्याचा मुलगा, आता जर्मनीत इंजिनिअर. एका लग्नात त्याच्या बापानं सहज बायोडाटा दिला, वासुदेवरावांनी त्यात आपल्या हातानं भर घातली, 'एक सगाई मोडलेली, दोष मुलीकडच्यांचा', आणि जर्मनीतल्या नंबरासकट दिला सोडून. झालं. इकडचे बाप सकाळी दात घासून झाले की फोन लावायचे, तेव्हा तिकडं मंगेशची अर्धी रात्र. कुणी पगार विचारायचा, कुणी दारू पितो का विचारायचा, एकानं तर जर्मनीत खताचा काय भाव आहे ते विचारलं. शेवटी मंगेशनं थेट वासुदेवरावांना मेल पाठवला. इंग्रजीत, कलमांचे आकडे घालून.

इंग्रजी मेल बघून वासुदेवरावांना आधी वाटलं लॉटरी लागली. खात्री करून घ्यायला त्यांनी पुतणीला हाक मारली.

पुतणी म्हणजे धनीरामची मोठी मुलगी, कामिनी. नागपूरच्या एका ऑफिसात ती हॉलंडमधल्या जोडे विकणाऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायची. आठवड्यातले निम्मे दिवस घरून काम, तेव्हा लॅपटॉप घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर बसायची, कारण टॉवर तिथंच नीट पकडायचा. तिकडच्या लोकांची नावं-पत्ते हाताळायचे म्हणून दर वर्षी तिला युरोपच्या माहिती-संरक्षण कायद्याची परीक्षा द्यावी लागे. थोडक्यात, ज्या विषयावर मेल आला होता तो विषय लंज्यांच्या घरात फुकट उपलब्ध होता.

कामिनीनं मेल वाचला आणि ओसरीवर टेकली.

"मोठेबाबा, मंगेश म्हनते, तुमच्यापाशी माही कोनती माहिती आहे थे सांगा. कोनाकोनाले देली थे सांगा. अन् मंग सारी मिटवून टाका. महिन्याभरात जवाब पाहिजे."

"अन् नाही देला त?"

"दंड."

"किती?"

"जास्तीत जास्त दोन कोटी युरो. नाही त वर्षाच्या उलाढालीच्या चार टक्के."

वासुदेवरावांनी मनातल्या मनात आपली उलाढाल काढली. टोप्या, दुपट्टे, नारळ. चार टक्के म्हणजे एखाद्या नारळाची शेंडी. ते मिशीत हसले.

"या दोन्हीतलं जे जास्त असन थे," कामिनीनं वाक्य पुरं केलं.

हसू मिशीतच राहिलं. उषाबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांनीही हात थांबवून वर बघितलं.

मग कामिनीनं त्यांना कायदा समजावून सांगितला, आणि सांगायला हवं, तिनं तो चांगला सांगितला. माणूस ज्यावरून ओळखू येतो ते सगळं त्याचं वैयक्तिक. नाव, फोटो, नंबर, मामाचं गाव, सगळं. ती माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, तो नियंत्रक.

"म्हणजे मी नियंत्रक?" वासुदेवराव सावरून बसले. कारखान्यात ते कधी सुपरवायझरसुद्धा झाले नव्हते.

"हो."

"अन् मी कोन वं?" उषाबाईंनी विचारलं. दुपारी नवरा झोपला की त्याच्या हुकुमावरून बायोडाटे पुढे पाठवायचं काम त्यांच्याकडे असे.

"तुमी प्रक्रिया करनाऱ्या, मोठीमाय. नियंत्रक सांगन तसं करनाऱ्या."

"थे त मी लग्न झाल्यापासून आहो," उषाबाई म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

कामिनी पुढं म्हणाली, की दुसऱ्याची माहिती वापरायला काहीतरी आधार लागतो. कायद्यात असे सहा आधार दिलेत, आणि पहिला म्हणजे त्या माणसाची संमती. ती खुशीनं दिलेली पाहिजे, कशासाठी दिली ते स्पष्ट पाहिजे, आणि दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे.

"त्याच्या बापानं देली ना संमती."

"मंगेश बत्तीस वर्षांचा आहे, मोठेबाबा."

"मंग काय झालं? बाप बापच असते. आपल्याइथं पोरीले इचारून लग्न लावत नाही, अन् हे फोटो टाकाले इचारून राहिले!" पण असं म्हणताना त्यांनी 'संमती' हा शब्द दोनदा तोंडात घोळवून ठेवला. शब्द वजनदार होता, पुढं कामाला येणारा होता.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली. धर्म, वंश, आरोग्य, असल्या माहितीला कायद्यात वेगळं कुंपण आहे. कलम नऊ. ती साध्या कारणानं हाताळताच येत नाही. आपले बायोडाटे तर देवाच्या नावानं सुरू होऊन जातीवर आणि रक्तावर संपतात.

इथं कामिनी थांबली. तिला जे खरं बोलायचं होतं ते आता तोंडाशी आलं होतं.

कॉलेजात असताना तपासणी शिबिरात तिच्या रक्ताची सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून पोरांत उतरणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली होती आणि ती वाहक निघाली होती. वाहक म्हणजे रोगी नव्हे. डॉक्टरांनी आईबापांचंही रक्त तपासून तेव्हाच सांगितलं होतं, हे बापाकडून आलंय, तुला काही होणार नाही, फक्त नवरा वाहक नसावा एवढं बघ, नाही तर पोरांना रोग होऊ शकतो. तसं कार्डही दिलं होतं. लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा आईनं, शकुंतलाबाईंनी, ते कार्ड विश्वासानं जेठांकडं, म्हणजे वासुदेवरावांकडं दिलं, ज्यांना कळायला हवं त्यांना कळावं म्हणून. वासुदेवरावांनी त्याचा फोटो काढला आणि सातशे लोकांना कळवलं. खाली ओळ लिहिली, 'मुलीला सिकलसेल आहे, तरी सुस्वभावी.' त्यानंतर तिच्यासाठी एकही स्थळ आलं नाही. फोटो मात्र दर सोमवारी न चुकता जात राहिला.

आता एक स्थळ आलं होतं, आणि ते ग्रुपवरून आलेलं नव्हतं. नाकाडोंगरीचा हिवराज, मैत्रिणीच्या ओळखीतला, खाणीच्या ऑफिसात कारकून. पहिल्याच भेटीत कामिनीनं त्याला आपलं कार्ड दाखवलं. त्यानं जाऊन स्वतःची तपासणी करून घेतली, त्याला काही नव्हतं. दोघांचं मन बसलं होतं. पण त्याच्या घरात शब्द चालायचा तो आत्याचा, देवकाबाईंचा. त्या पंधरवड्यात बघायला येणार होत्या. त्याआधी कुणी त्यांच्या पुढ्यात मोबाइल धरून 'मुलीला सिकलसेल आहे' ही ओळ वाचून दाखवली, तर मामला तिथंच आटोपला असता.

"मोठेबाबा, माह्या कार्डाचा फोटो आता टाकू नोका. अन् ग्रुपवर दोन ओळी लिहा, पोरगी रोगी नाही, वाहक आहे म्हनून. देवकाबाई येतीन त्याच्या आधी."

"हो, हो. लिहू. आधी युरोपचं पाहू दे."

कामिनीचा स्वभाव सरळ, म्हणून तिनं कायद्याच्या दुसऱ्या बाजूच्या गोष्टीही लपवल्या नाहीत. निव्वळ घरगुती कामाला हा कायदा लागतच नाही, ती म्हणाली. घरच्या घरी कुणाचा नंबर ठेवला, फोटो ठेवला, तर युरोप काही म्हणत नाही. फक्त सातशे लोकांचा ग्रुप म्हणजे घर नव्हे. शिवाय तिकडं राहणाऱ्या माणसाला इथून सेवा पुरवली तर तो कायदा लाखांदूरपर्यंत पोचतो की नाही, हे वकिलांनी सांगायचं. कदाचित लागणारही नाही.

हे ऐकून कुणाही शहाण्या माणसानं सुटकेचा निःश्वास टाकला असता. वासुदेवरावांचा चेहरा पडला.

"लागू होत नाही कसा? मले नोटीस आली ना!"

"आपल्या देशातही असाच कायदा झाला आहे, मोठेबाबा. थो पाहा पाहिजे त."

"थो राहू दे. घर की मुर्गी दाल बराबर."

लाखांदुरात निर्दोष राहण्यापेक्षा युरोपात गुन्हेगार असणं त्यांना केव्हाही पसंत होतं. इतक्या वर्षांत त्यांना कारखान्यातून एक मेमोसुद्धा आला नव्हता, आणि इथं तर समुद्रापलीकडून कलमं चालून आली होती. ते तडक बस स्टँडवरच्या चिंधूच्या चहाटपरीवर गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "मले युरोप लागू झाला."

"म्हंजे बिमारी का, काकाजी?" चिंधूनं काळजीनं विचारलं.

चार दिवसांत गावभर झालं. नागपूरला जाऊन हृदयात स्प्रिंग बसवून आलेल्या माणसाकडं लोक जसं बघतात तसं वासुदेवरावांकडं बघू लागले. त्यांनाही ते मानवलं. बोलण्यात नियंत्रक, संमती, कलम असे शब्द आले. एका बारशात पोराचं नाव पुकारायच्या आधी त्यांनी हात वर केला आणि विचारलं, 'पोराची संमती घेतली का?' बायका हसल्या, पण पोराच्या बापानं खरंच एकदा पाळण्यात डोकावून बघितलं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर घरकुलाची नावं लावलेली असतात, त्यापुढं उभं राहून त्यांनी ग्रामसेवकाला जे व्याख्यान दिलं ते ऐकायला तर शाळेचे दोन वर्ग थांबले होते.

मंगेशचं काम मात्र त्यांनी जिवाभावानं केलं. माहिती ज्याला दिली त्याला ती मिटवायलाही कळवावं लागतं, असं कामिनीनं सांगितलं होतं. आता फोनवरून कळवणं हे वासुदेवरावांच्या रीतीत बसणारं नव्हतं. सोयरिकीची गोष्ट फोनवर होत नाही, ती समोर बसून, चहा घेऊन होते. जुळवायची असो नाही तर मोडायची. तेव्हा त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि एसटी धरली. साकोली झालं, लाखनी झालं, तुमसर झालं, शेवटी नाकाडोंगरी झालं. ज्या ज्या घरात पोरगी होती त्या त्या घरी ते गेले, ओसरीवर बसले, यजमानाचा मोबाइल मागून घेतला आणि आपल्या डोळ्यांदेखत मंगेशचा फोटो मिटवायला लावला.

आता लोक विचारणारच, का हो बाप्पा, काय झालं?

"काही नाही. पोराले वाटते, त्याची सगाई मोडली थे कोनाले माहीत नसावं. तुमी थे इसरून जा."

"सगाई मोडली होती? आमी त थे वाचलंच नव्हतं."

"खाली लिहिलं होतं ना. पोरगी लातूरची. साखरपुडा झाला, अन् मंग तिनंच नकार देला. असो. इसरून जा आता."

पंधरवडा संपेतो मंगेशचा फोटो एकाही मोबाइलवर उरला नाही, आणि त्याची मोडलेली सगाई ज्याला ठाऊक नाही असा माणूस भंडारा जिल्ह्यात उरला नाही. कामिनीनं इंग्रजीत उत्तर लिहून दिलं, मंगेशचा आभाराचा मेल आला. वासुदेवरावांनी तो चिंधूच्या टपरीवर वाचायला लावला.

या पंधरवड्यात कामिनीनं त्यांना तीनदा आठवण केली. पहिल्या वेळी ते बस पकडायच्या घाईत होते. दुसऱ्या वेळी थकले होते. तिसऱ्या वेळी ती जरा निकरावर आली, देवकाबाई चार दिवसांवर आल्या होत्या. "जर्मनीवाल्याचा हक्क तुमी नाकाडोंगरीवरी जाऊन पाळला. माहा मोबाइलवर बोट दाबून पाळता येते. तेवढंही होत नाही का?"

वासुदेवरावांना हे आवडलं नाही. नियंत्रकाशी बोलायची ही तऱ्हा नव्हे. पण मग त्यांना उत्तर सुचलं, आणि ते इतकं बिनतोड होतं की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं.

"तू का परकी आहेस का वं? तू घरची पोरगी. घरच्याले हा कायदा लागत नाही. तूच सांगतलं."

कामिनी लॅपटॉप उचलून तलावाकडं गेली. वासुदेवराव थोडा वेळ खट्टू झाले, मग चहा आला आणि विसरले. सोमवार आला, बायोडाटे गेले, त्यात कामिनीचं कार्डही गेलं.

देवकाबाई ठरल्या दिवशी आल्या. सोबत हिवराज आणि त्याचे वडील. वासुदेवराव मधल्या खुर्चीवर, कडक टोपीत. पोहे झाले, शेतीपाण्याचं बोलणं झालं. मग देवकाबाईंनी पदर सावरला.

"पोरीले सिकलसेल आहे म्हनते. खरं का?"

धनीराम पायाच्या अंगठ्याकडं बघू लागला. शकुंतलाबाई दारातच थिजल्या. वासुदेवरावांना मात्र स्फुरण चढलं. पुतणीची अब्रू वाचवायची, आणि तीही कलमानं, असा योग पुन्हा कधी येणार! ते उभे राहिले.

"बाई, आरोग्याची माहिती खास वर्गातली आहे. कलम नऊ. असं कोनाले इचारता येत नाही. युरोपात त तुमाले..."

"मंग सोमवारी माह्या दुसऱ्या भाच्याच्या मोबाइलवर आली थे कोनं टाकली?"

वासुदेवराव उभेच होते. बसायचं कसं, ते त्यांना सुचेना.

कामिनी आतून बाहेर आली. "मी वाहक आहो, आत्याबाई. रोगी नाही. यायले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं," ती हिवराजकडं बघत म्हणाली.

"मले माहीत आहे, आत्या," हिवराज म्हणाला. "माही तपासनी केली. मले काही नाही."

देवकाबाईंनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "वाहक कोन अन् रोगी कोन थे मले समजते. आमच्या गावात घरोघरी तपासनी झाली. रक्ताचं मले भेव नाही." मग त्यांनी बोट उचललं आणि सरळ वासुदेवरावांवर रोखलं. "मले भेव या मानसाचं वाटते. सोताच्या पुतनीची गोष्ट यानं वेशीवर टांगली, उद्या आमच्या घरची कुठी टांगन? लग्न होईन. पोरगी पसंत आहे. पन या घरातून या मानसाले आमच्याबद्दल एक शबद सांगाचा नाही. कबूल असन त सांगा."

"कबूल आहे," धनीराम म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं मोठ्या भावाकडं न बघता उत्तर दिलं होतं.

त्यानंतरचे दिवस वासुदेवरावांना फार कठीण गेले. ज्यांनी अर्ध्या जिल्ह्याची लग्नं जुळवली त्यांना पुतणीच्या लग्नातलं काही कळेना. ते अंगणात आले की धनीराम धानाच्या भावावर बोलू लागे. शालू दाखवायला काढला की शकुंतलाबाई वर चादर टाकत. मांडव कुणाचा, आचारी कुठला, पाहुणे किती, कोणाला विचारावं तर उत्तर, "ठरलं नाही आणखीन." चिंधूनं टपरीवर विचारलं, 'काकाजी, तारीख कोनती?' तेव्हा वासुदेवराव म्हणाले, "सांगता येत नाही." वाक्य जुनंच होतं, फक्त आता त्यात देशाचं काम नव्हतं, आणि छाती काही पुढं येईना. शेवटी तारीख कळली ती छापील पत्रिकेतून. गावातल्या इतर घरांसारखीच एक त्यांच्याही दारात आली, वर हळदकुंकवाचं बोट लावून.

त्या संध्याकाळी त्यांचा बांध फुटला. पत्रिका हातात घेऊन ते ओसरीवर ओरडले, तेव्हा कामिनी उषाबाईंसोबत हळदीची तयारी करत बसली होती.

"मी का चोर आहो का? मले माहितीचा हक्क आहे! कलम पंधरा! तूच शिकवलं मले!"

"थो हक्क सोताच्या माहितीवर असते, मोठेबाबा," कामिनी शांतपणे म्हणाली. "लग्न माहं आहे."

"मंग माही सांग! माह्याबद्दल काय लपवून ठेवलं तुमी लोकाईनं? सारं सांग, आताच्या आता!"

कामिनीनं उषाबाईंकडं बघितलं. उषाबाईंनी हातातलं हळकुंड सुपात ठेवलं. "सांग, माय. मांगतलं आहे त दे."

"मोनूदादानं लग्नाच्या आधी तपासनी केली होती," कामिनी म्हणाली. "थो वाहक निंगाला. त्यानं वहिनीले सोता सांगतलं, तिची तपासनी केली. तिले काही नाही, म्हनून लग्न केलं. मंग मोठीमायची केली. मोठीमायलेही काही नाही."

कोणाचं काय कुठून आलं, हे जोडण्यात ज्यांची उमर गेली, त्या वासुदेवरावांना हे जोडायला वेळ लागला नाही. धनीरामकडून कामिनीला आलं होतं. मोनूला आईकडून आलेलं नव्हतं.

"म्हंजे मले..."

"तुमाले बिमारी नाही. तुमी फक्त वाहक आहा. माह्यासारखे."

"कोनाकोनाले माहीत आहे?"

"घरच्याईले. दादाले, वहिनीले, आमा दोघीले, अन् माहं कार्ड ग्रुपवर गेलं तेव्हापासून बाबाले, आईले."

"अन् मलेच काहून नाही सांगतलं?"

उत्तर उषाबाईंनी दिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वासुदेवरावांना जास्त लागलं. "तुमाले सांगतलं असतं त सोमवारी ग्रुपवर आलं असतं. सुनेकडच्याईनं वाचलं असतं. पोराचा संसार होता, मोनूचे बाबा."

वासुदेवराव खाली बसले. घरात सहा माणसांनी एक गोष्ट पोटात ठेवली, वर्षानुवर्षं ठेवली, आणि ती त्यांच्यापासूनच ठेवली. जगाच्या ओसऱ्यांवर ते बातम्या काढत हिंडत होते तेव्हा त्यांच्याच चुलीपाशी माणसं त्यांची चाहूल लागली की बोलणं बदलत होती. त्यांना लाज वाटली. अशी लाज त्यांना याआधी कधी वाटल्याचं आठवत नव्हतं.

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. चष्मा लावून कामिनीच्या कार्डाचा फोटो शोधला आणि बोट दाबून मिटवला. मग ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या, एकेक अक्षर शोधत. या वेळी त्यांनी कुठलंही कलम सांगितलं नाही. मोबाइल ठेवला आणि इकडंतिकडं बघून, शेजारी ऐकू जाणार नाही इतक्या हलक्या आवाजात म्हणाले, "कामिनी... हे माह्यावालं कोनाजवळ बोलशीन नोको, माय."

कामिनी सुपातली हळद पाखडत होती. तिनं वर बघितलं नाही.

"नाही बोलनार, मोठेबाबा. तुमी त घरचेच आहा."